फ्लॉपीचं कपाट आणि रतनची वायर

१८ जुलै १९९४, सोमवार
कारखानीस साहेबांनी सेक्शनच्या सगळ्यांना केबिनमध्ये बोलावलं. ऑफिसातले पाचही कॉम्प्युटर आता एका वायरीने जोडायचे आहेत. याला नेटवर्क म्हणतात. ते सांभाळायला एक सिस्टिम इन्चार्ज नेमणार, आणि त्याचं नाव दसऱ्यानंतर कळणार. इन्चार्जचं टेबल कॉम्प्युटर रूममध्ये. वागळे इस्टेटमधल्या आमच्या रबरी वायसरच्या कारखान्यात एसी त्या एकाच खोलीला आहे.
नाव माझंच येणार. पाच वर्षं फ्लॉपीचं कपाट माझ्या ताब्यात आहे. एका सेक्शनची माहिती दुसऱ्या सेक्शनला हवी असली की फ्लॉपीवर भरून न्यावी लागते, आणि फ्लॉपी दळवींकडे, म्हणजे माझ्याकडे, रजिस्टरमध्ये सही केल्याशिवाय मिळत नाही. परचेसचे लोकसुद्धा रांगेत उभे राहतात.
स्टोअर्समधल्या रतन नाखवालाही केबिनमध्ये बोलावलं होतं. चहा सांगायला असेल.

२० जुलै
चहासाठी नव्हतं. रतन संध्याकाळी ठाण्यातल्या कुठल्याशा क्लासला जातो. नेटवर्किंगच्या. वय एकतीस, चेंदणी कोळीवाड्यातला, नोकरीला लागून उणीपुरी सहा वर्षं. साहेब त्याला 'रतन' म्हणाले आणि मला 'दळवी'. नुसती सलगी कुणाशी आणि मान कुणाला, हे सरळ दिसतंय.
हेवा वाटण्याचा प्रश्नच नाही.

२३ जुलै
श्रावणाआधी सगळ्यांना म्हणून रतनने सुके बोंबील आणले. आईने वाळवलेले. चक्क लाच. घरी बायकोने, शीलाने, कांद्यावर परतले. आधी चार खाल्ले, मग तीन. बोंबलांचा यात काही दोष नाही.
शीला म्हणाली, मुलगा चांगला दिसतोय. मी म्हटलं, तू त्याला पाहिलेलं नाहीस. म्हणाली, बोंबील पाहिले ना.

१ ऑगस्ट
निश्चय. आपणही क्लास लावायचा, इथेच, डोंबिवलीत. शिवाय रोज पहाटे पाचला उठून एक तास अभ्यास. दसऱ्यापर्यंत रतन माझ्याकडे शंका विचारायला आला पाहिजे.

२ ऑगस्ट
साडेसातला जाग आली. उद्यापासून.

५ ऑगस्ट
क्लासचा पहिला दिवस. कॉम्प्युटरला धूळ चालत नाही म्हणून बूट दाराबाहेर काढायला लावतात. डाव्या मोज्यातून अंगठा बाहेर आलेला होता. शेजारच्या मुलीने पाहिला. पुढचा सबंध तास तो पाय खुर्चीखाली ओढून बसलो, त्यामुळे मास्तरांचं बरंचसं निसटलं.
तरी तीन आकृत्या उतरवून घेतल्या. चांदणी, वर्तुळ आणि सरळ रेघ. नेटवर्क या तीन तऱ्हांनी जोडता येतं. आमच्याकडे सरळ रेघ येणार आहे. एकच वायर, तिच्यावर ओळीने सगळे कॉम्प्युटर. मला स्वतःला वर्तुळ पसंत आहे. सगळे सारखे, आणि मधोमध मी.

९ ऑगस्ट
क्लास सोडला. पायाभूत ज्ञान झालं. बाकीचं अनुभवाने येतं, आणि अनुभव आपल्याकडे आहे.

२२ ऑगस्ट
वायर आली. काळी, पेन्सिलीएवढी जाड. दिवसभर रतन गुडघ्यांवर रांगत भिंतीच्या कडेने ती ठोकत होता. प्रत्येक कॉम्प्युटरच्या मागे टी आकाराचा एक तुकडा लावला, त्याच्या दोन्ही हातांना वायर. टेबलाखाली दिसेना तेव्हा कारखानीस साहेबांनी स्वतः टॉर्च धरली. मॅनेजरने! वाकून!
माझ्यासाठी साहेबांनी आजवर छत्रीसुद्धा धरलेली नाही. जेवणाचा डबा तसाच परत नेला. शीलाला सांगितलं, भाजी खारट होती. ती चिडली.

३० ऑगस्ट
आज मी एक मूलभूत सुधारणा केली. सगळ्यांच्या फायली जिथे राहतात त्या मोठ्या कॉम्प्युटरला सर्व्हर म्हणतात. तो जमिनीवर, आणि आमचे कॉम्प्युटर टेबलावर! म्हणजे प्रत्येक फाईल चढ चढून येणार. वेग कसा मिळेल? लंच टाइममध्ये सर्व्हरखाली गुपचूप दोन विटा सरकवल्या. जास्त मिळाल्या नाहीत.
घरी शीलाला तत्त्व समजावलं. ती म्हणाली, मग तिसऱ्या मजल्यावरच्या उत्तरावहिनींना फोन कसा लागतो? त्यांनी काय पंप बसवलाय? बायकांना टेक्निकल विषय सांगण्यात अर्थ नाही.

३१ ऑगस्ट
रतनने विटा पाहिल्या. कुणी ठेवल्या ते विचारलं नाही. लादी पुसताना पाणी लागू नये म्हणून सर्व्हर जरा वर असलेला बराच, असं म्हणाला आणि सुताराकडून लाकडी पाट करून आणला. साहेब म्हणाले, रतन, छान सुचलं तुला.
कल्पना माझी, विटा माझ्या, आणि 'छान सुचलं' रतनला.

१४ सप्टेंबर
नेटवर्क सुरू झालं. डिस्पॅचच्या शीलाबाईंनी (आमची शीला नव्हे) जागेवरून न उठता स्टोअर्सची यादी उघडली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, दोन.
दिवसभरात फ्लॉपी घ्यायला कुणीही आलं नाही. रजिस्टरचं पान कोरं राहू नये म्हणून चार वाजता मीच एक फ्लॉपी घेतली, मीच सही केली, साडेचारला परत केली.

१६ सप्टेंबर
रतनने सगळ्यांना नेटवर्क समजावलं. बोटी लागल्या की बंदरावर नावाने हाक मारतात. ऐकू सगळ्यांना येतं, पण ज्याचं नाव असेल तोच टोपली उचलतो. वायरीवरही तसंच, प्रत्येक कॉम्प्युटरला आपलं नाव असतं. आणि दोघं एकदम बोलले तर दोघांचंही वाया जातं. मग दोघांनी थांबायचं, थोडा थोडा वेळ जाऊ द्यायचा आणि पुन्हा बोलायचं.
यापुढचं ऐकू आलं नाही, कारण त्याच वेळी मीही बोलत होतो. रतन थांबला. मी थांबलो नाही. मुद्दा महत्त्वाचा होता. कोणता, ते आता आठवत नाही.

५ ऑक्टोबर, घटस्थापना
योजना ठरली. खंडेनवमीला कारखान्यात सगळ्या मशीनची पूजा असते, आणि ती दरवर्षी मीच सांगतो, कारण मंत्र मलाच येतात. यंदा कॉम्प्युटरचीही पूजा आहे. शिवाय मुंबईहून खुद्द मालक नेटवर्क बघायला येणार आहेत. इन्चार्जच्या पत्रावर सही त्यांचीच. त्या दिवशी कॉम्प्युटर रूम अशी लखलखली पाहिजे की मालकांनी विचारावं, हे कुणी केलं?

१३ ऑक्टोबर, खंडेनवमी, सकाळी नऊ
सातलाच आलो. रतनच्याही आधी. स्क्रीन पुसले, कीबोर्ड पुसले, झेंडूचे हार घातले. पुसता पुसता रतनची गफलत सापडली. वायरीच्या पहिल्या आणि शेवटच्या टोकाला एकेक धातूचं टोपण तसंच राहून गेलंय. पुढे वायर नाही, काही नाही. सायकलच्या व्हॉल्व्हवर असतं तसं. नवीन मालाबरोबर येतात, काढून टाकायची असतात. हे असलं ढिसाळ काम म्हणे इन्चार्ज करणार.
दोन्ही काढली. चिंचेने घासली, चकचकीत केली, हळदकुंकू वाहून तबकात सुपारीशेजारी मांडली. तबक भरल्यासारखं वाटलं.

दुपारी तीन
मालक आले. पूजा झाली. रतनने कॉम्प्युटर सुरू केला आणि ठप्प! दुसरा ठप्प. पाचही ठप्प. एसीमध्ये रतनला घाम. मालक घड्याळ बघतायत. मला इतकं हलकं कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं. मालकांना अदबीने सांगितलं की माझ्या फ्लॉप्या पाच वर्षांत एकदाही बंद पडलेल्या नाहीत. अर्ध्या तासात रजिस्टरमध्ये तीन सह्या झाल्या!
रतन एकेका टेबलाखाली शिरत शेवटच्या टोकापर्यंत गेला. तिथून उठला तो सरळ तबकापाशी आला. दोन्ही टोपणं उचलली, नव्या पँटला पुसली, परत जाऊन बसवली. पाचही कॉम्प्युटर चालू.
मालकांनी विचारलं, काय झालं होतं? रतन म्हणाला, माझी चूक, तपासायला काढली होती, लावायची राहिली. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. मालक गाडीकडे निघाले, साहेब त्यांच्यामागे.

साडेपाच
रतनने मला बाजूला घेऊन सांगितलं. रागावून नव्हे. वायरीतून निघालेला संदेश टोकाला पोचला आणि तिथे काही नसलं तर तो उलटा फिरतो आणि मागून येणाऱ्यांवर आदळतो. टोपण त्याला टोकाशी जिरवतं. म्हणून ती दोन टोपणं नसली तर सगळंच बंद.
हे आधी सांगायला हवं होतं. सांगितलं असेल तर मोठ्याने सांगायला हवं होतं.

१४ ऑक्टोबर, दसरा
रतनचं नाव आता येत नाही. उरलो मी. आनंदाचा दिवस. श्रीखंड मात्र गोड लागलं नाही, वेलची कमी पडली.
संध्याकाळी रतन सोनं द्यायला घरी आला. ठाण्याहून डोंबिवलीला! आपट्याचं पान हातात ठेवलं आणि वाकून नमस्कार केला. कालचा विषय नाही. शीलाने त्याला श्रीखंड वाढलं. तो म्हणाला, वहिनी, वेलची अगदी बरोबर पडलीय.
तो गेल्यावर शीला म्हणाली, चेहरा का पडलाय? मी म्हटलं, उजेड कमी आहे.

१५ ऑक्टोबर
निश्चय. सोमवारी साहेबांना खरं काय ते सांगणार. माणूस चुकतो, पण दळवी लपवत नाही.

१७ ऑक्टोबर
साहेब मीटिंगमध्ये.

१८ ऑक्टोबर
घसा बसलाय.

१९ ऑक्टोबर
साहेब दारातच भेटले. वेळ योग्य वाटली नाही. हे एवढं गुपित मनात ठेवून ऑफिसात वावरणं सोपं नाही. लोक माझ्याकडे बघून हसतायत, त्यांना बिचाऱ्यांना काय ठाऊक.

२१ ऑक्टोबर
सांगितलं. उभ्या उभ्या, एका दमात. साहेबांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, अहो दळवी, टोपणांना हळदकुंकू लागलेलं होतं. ते मालकांनीच पहिल्यांदा पाहिलं. सगळ्या ऑफिसने पाहिलं.
मालक गाडीत बसताना साहेबांना म्हणाले होते, दुसऱ्याची चूक अंगावर घेतो आणि मशीनही चालू करून दाखवतो, हाच माणूस नेमा. पत्रावर पंधरा तारखेला सही झाली. रतननेच विनंती केली की दळवीसाहेब आपण होऊन बोलतील, तोवर बोर्डावर लावू नका. सहा दिवस सगळं ऑफिस माझ्या बोलण्याची वाट बघत होतं.
म्हणजे रतनला इन्चार्ज मीच केलं. बोर्डावर पत्र लागलं. खाली दुसरं पत्र: सर्व सेक्शनच्या लोकांनी दर शनिवारी चार ते पाच रतन नाखवा यांच्याकडे नेटवर्कची प्राथमिक माहिती घ्यावी. यादीत पहिलं नाव दळवी.

२९ ऑक्टोबर, शनिवार
वर्गाला गेलो. मागच्या भिंतीला टेकून बसायचं आणि तोंड उघडायचं नाही, असं ठरवून. पण वीस मिनिटांनी हात वर गेला. विचारलं, टोपण एकाच टोकाला लावलं तर? रतन फळ्याकडून वळला. म्हणाला, शाब्बास दळवीसाहेब, हे कुणीच विचारलं नव्हतं. मग सगळ्यांना समजावलं: तरीही बंदच, कारण मोकळ्या टोकाकडून संदेश परत फिरणारच. मला समजलं. खरोखर समजलं. बहुधा पहिल्यांदाच.
घरी आल्या आल्या शीलाला सांगितलं. जेवताना पुन्हा सांगितलं. ती म्हणाली, इन्चार्ज झाल्यासारखा काय चेहरा झालाय? मी म्हटलं, नाही, प्रश्न विचारला.
मला काही येत नव्हतं. पाच वर्षं एक कपाट उघडत होतो आणि बंद करत होतो. रतनचा हेवा वाटतो, जुलैपासून वाटतोय, आणि त्याच्या एका शाब्बासकीने अंगावर मूठभर मांस चढलं. शहाण्याने कुणाला सांगू नये.
पुढच्या शनिवारी भाऊबीज. वर्ग नाही. बोर्डावर वाचलं आणि वाईट वाटलं.