झाकणावरचा सारस

ओकिनोमाची
ता. ९ फेब्रुवारी

ताईस,

तेप्पेईचा नमस्कार. तू आणि भावोजी मजेत असाल, सेंदाईत फुलांचं दुकानही बरं चालत असेल असं धरून चालतो. इकडे बर्फ छपराला टेकलाय, पण ते तुला काय सांगायचं. घरचा कुणी बोलतोय म्हटलं की तू फोन ठेवून देतेस, म्हणून हे पत्र. पाकिटात आणखी एक वस्तू आहे, कागदात गुंडाळलेली. ती शेवटी काढ आणि जपून काढ, कडा धारदार आहेत.

मी पानगळीत घरी परत आलो. त्याआधी होक्काइदोला खेकडे सोलायच्या कामावर होतो. हाताला असा वास लागतो की मांजरं मागे लागतात, एक तर बंदरापासून पार स्टेशनापर्यंत आलं होतं. असो. बाबा बरे आहेत. घाटाखाली, इथल्या ओकिनोमाचीच्या इस्पितळात आहेत, पण बरे आहेत.

हे पत्र खरं तर गाडीबद्दल आहे. आपली हिरवी वॅगन, जिच्या मागच्या सीटवर तू पाय पसरून झोपायचीस. ती मागून झोल खायला लागलीय. स्टीअरिंग वळवावं तर पुढचा भाग वळतो आणि मागचा भाग जरा विचार करून मग येतो, आणि आला की गरजेपेक्षा जास्त येतो. अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय उचलला की एकीकडे ओढते, दाबला की दुसरीकडे. घाटातल्या वळणांवर मी चालत्या माणसाच्या वेगाने जातो.

आधी मी टायरांची हवा पाहिली. मग भंगारवाल्याकडून मागचे दोन्ही शॉकअप आणून बसवले. मग रबरी बुश बदलले, त्यात बोट चेचून घेतलं, नख अजून काळं आहे. काही फरक नाही. बाबांना विचारलं. पडल्या पडल्या म्हणाले, "मागे वजन नाही म्हणून. चिगुसा बसायची तेव्हा कशी सरळ जायची."

तुझं नाव त्यांनी असं घेतलं, जणू तू आत्ताच दूध आणायला गेलीस.

मी काय केलं असेल? तांदळाची पोती घातली मागे. आपल्याकडे सगळेच बर्फात घालतात. तर घाटातल्या मोठ्या वळणावर गाडी पोत्यांसकट कठड्याला जाऊन टेकली. खाली दरी होती. मी तिथेच बसून राहिलो. ब्रेकवरचा पाय काढायचं धाडस होईना. घाट उतरून कसाबसा पुन्हा या गावात आलो.

शेवटी मुत्सुकोकडे गेलो. तुझ्या वर्गातली मुत्सुको, जी तुझ्या डब्यातलं अंडं पळवायची. वडिलांचं गॅरेज आता तीच चालवते. मला पाहून म्हणाली, सगळा देश पालथा घातलास, स्वतःच्या गाडीखाली कधी डोकावलास का? मी म्हटलं, डोकावलो, सगळं काळं कुळकुळीत आहे, नव्यासारखं. त्यावर ती हसली नाही. तिने मला शाळेच्या मैदानावर नेलं. रात्रीचा ताजा बर्फ, त्यावर कुणाचं पाऊलही नाही. म्हणाली, "नाकासमोर चालव. मध्येच पाय उचल, मग परत दाब." मी तसं केलं. ती मागून उमटलेल्या खुणा बघत चालत आली. मीही उतरून पाहिलं. ताई, मागची चाकं पुढच्या चाकांच्या वाटेत नव्हतीच. पाय उचलला तिथे ती एका अंगाला सरकलेली, दाबला तिथे दुसऱ्या. दारू प्यालेल्या माणसामागून दुसरा दारुडा चालत गेल्यासारखं.

"एक्सल जागा सोडतोय," ती म्हणाली. "शॉकअप बिचारा काय करणार त्याला."

गाडी जॅकवर चढवली. एक्सलला धरून ठेवणारा दांडा गाडीच्या तळाला जिथे बसवलेला असतो, तिथे तिने स्क्रूड्रायव्हर टोचला. तो मुठीपर्यंत आत गेला. लोण्यात जावा तसा.

तुला आठवत असेल, दर पानगळीला बाबा चटई घालून गाडीखाली झोपायचे आणि बर्फ वितळायला रस्त्यावर टाकतात त्या मिठाने पत्रा गंजू नये म्हणून काळा रंग फासायचे. इकडे घरोघरी फासतात. पण गंज आधीच आत शिरलेला असला तर रंग त्याला बाहेर ठेवत नाही, आत कोंडतो. वरून चकचकीत, आत भुसा. मुत्सुको तो रंग खरवडायला लागली, तर खालून एक लाल ठिपका निघाला. मग पांढरी मान. मग पाइनची फांदी.

डब्याचं झाकण होतं. तू दर नव्या वर्षाला तांदळाच्या चकत्यांचा डबा पाठवतेस ना, त्यावरचा तो लाल डोक्याचा सारस. बाबांनी भोकावर ते झाकण रिव्हेट मारून बसवलं होतं आणि वर रंग दिला होता. त्याच्याखाली आदल्या वर्षीचं झाकण. त्याखाली त्याच्या आदल्या वर्षीचं. जेवढी वर्षं तू आली नाहीस, तेवढे सारस, एकावर एक. तुला वाटायचं ते डबे फेकून देतात. मलाही तसंच वाटायचं. सगळ्यात वरचं झाकण मी तुझ्यासाठी काढून घेतलंय.

मुत्सुकोने स्क्रूड्रायव्हर पुसून खाली ठेवला. मी म्हटलं, वेल्डिंग कर, काहीही कर, घाट एकदाच चढायचाय. ती म्हणाली, "वेल्डिंग कशावर करू? झाकणांवर? या गाडीने काकांना घाटात नेलंस तर त्यांना मीच मारलं असं होईल." मी तिच्यावर ओरडलो. तिने चहा करून दिला.

ताई, बाबा बरे नाहीत. डॉक्टर म्हणाले, घरी न्यायचं असेल तर एखाद्या दिवसासाठी न्या, पण उशीर करू नका. एवढंच म्हणाले आणि माझ्याकडे बघायचं टाळलं. इस्पितळाची गाडी हिवाळ्यात घाट चढत नाही. आडवा पेशंट म्हटलं की टॅक्सीवाला नाही म्हणतो. मुत्सुकोच्या ट्रकमध्ये माणूस बसू शकतो, झोपू शकत नाही. बाबांना फक्त घरच्या शेगडीवरच्या मेजाखाली, रजईत पाय सोडून खिडकीतून मागचा डोंगर बघायचाय. इतकी वर्षं भटकून मला हजार रस्ते माहीत झालेत, आणि हा एक घाट मला बापाला पार करवता येत नाहीये.

तुझ्याकडे फुलांची मोठी गाडी आहे. तिची मागची बाजू मोकळी असते.

ते तुझ्या लग्नाला आले नाहीत, तुला काय काय बोलले, ते मी विसरायला सांगत नाही. ते सगळं घेऊनच ये. फक्त गाडी घेऊन ये.

आपली गाडी गेली हे मी त्यांना सांगितलेलं नाही. रोज विचारतात, "झोल गेला का रे?" मी सांगतो, थोडं थांबा बाबा, मागे बसणारी येतेय.

खोटा पडू नये म्हणून देव देव करणारा,
तुझा
तेप्पेई