दर वर्षी येणारी फिट

तीर्थरूप मामांना,

साष्टांग नमस्कार. (यातला साष्टांग शब्दशः घ्यावा. दवाखान्यात नवी गोल फिरणारी खुर्ची आली, ती नीट चालते का ते पाहायला मी स्वतःच बसलो आणि उतरल्यावर आठही अंगं एकदम जमिनीला लागली. सिस्टरनी उठवून बसवलं, तेव्हा कुठे हे पत्र सुरू झालं.) मामीचे गुडघे कसे आहेत? तुमच्या गच्चीतल्या कुंड्या? आणि तुमची तब्येत? हा शेवटचा प्रश्न भाचा विचारतो आहे, डॉक्टर नव्हे, तेव्हा उत्तर खरं द्यावं.

मी खुशाल आहे असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो. खरं म्हणजे माझी पाचावर धारण बसली आहे आणि त्याला जबाबदार तुम्ही आहात. लहानपणी झोपाळा जरा उंच गेला की बोंब ठोकणारा हा मुलगा तुमच्यासारखा वैमानिक होणार नाही, हे तुम्ही वेळीच ओळखलंत. पण आपल्या धंद्यात घरातलं कुणीतरी हवं म्हणून 'निदान वैमानिकांचा डॉक्टर तरी हो' हे माझ्या डोक्यात तुम्हीच घातलंत. मला वाटलं, बरं आहे, जमिनीवर बसून काम. कुणाला उडू द्यायचं आणि कुणाला नाही एवढंच सांगायचं. हे एवढंच किती आहे, ते आता कळतं आहे.

शिकायला गेलो तिथे पहिल्याच आठवड्यात आम्हा डॉक्टरांना एका लोखंडी खोलीत कोंडलं आणि आतली हवा विरळ करत नेली. उंचावर वैमानिकाचं डोकं कसं चालेनासं होतं, ते आम्हाला स्वतःवर दाखवायचं होतं. हातात कागद देऊन वजाबाक्या करायला सांगितल्या. मला तर फारच हुशार झाल्यासारखं वाटत होतं. भराभर गणितं सोडवली, शेजारच्यालाही दोन सांगितली. बाहेर आल्यावर कागद पाहिला, तर उत्तरांच्या जागी ओळीनं 'आई' लिहिलं होतं. (मास्तर म्हणाले, शुद्धलेखन चांगलं आहे.) बाकीचे पोट धरून हसले. मला मात्र त्या दिवशी जी भीती बसली ती गेलेली नाही. माणसाचं बिघडत असतं तेव्हा त्यालाच सगळ्यात शेवटी कळतं, ही ती भीती.

असा मी घाबरट, आणि दवाखाना उघडल्यावर पहिलाच वैमानिक आला तो चांगला तगडा, हसतमुख गडी. डोळे, कान, रक्तदाब, सगळं उत्तम. मग मी ठरलेला प्रश्न विचारला, की तुम्हाला कधी फिट आली होती का? तो म्हणाला, 'दर वर्षी येते.' माझ्या हातातलं पेन गळालं. शेवटची कधी, तर म्हणे गेल्या वर्षी याच सुमारास, पण तेव्हा चष्म्यामुळे जरा उशिरा आली. मी विचारलं, घरच्यांना माहीत आहे का? तो खूश होऊन म्हणाला, 'अहो, पहिली फिट आली तेव्हा आईनं शेजारीपाजारी पेढे वाटले!' मी म्हटलं, आणि असं असताना तुम्ही विमान चालवता? 'डॉक्टर, फिट आल्याशिवाय कुणी विमानाला हात तरी लावू देतं का?'

मी सिस्टरना ओरडून सांगितलं, यांना आधी कुशीवर निजवा. सिस्टर त्याला निजवायच्या ऐवजी भिंतीकडे तोंड करून हसायला लागल्या. तुमच्या लोकांच्या बोलीत फिट म्हणजे 'हा उडायला लायक आहे' असं प्रमाणपत्र, हे मला कुणी सांगायचं? तुम्हीच ना! इतकी वर्षं जेवताना ढग आणि वारे यांवर व्याख्यानं दिलीत, हा एक शब्द तेवढा राहिला.

त्याला फिट दिली. (म्हणजे प्रमाणपत्र.) पण जीव काही भांड्यात पडेना. आता छपरावरून विमान गेलं की मी हातातला घास टाकून खिडकीशी धावतो. ही म्हणते, रोज शेकडो डॉक्टर सह्या करतात, तुमचीच काय सोन्याची आहे? सोन्याची नाही, म्हणून तर भीती. त्या विमानात बसलेल्या माणसांना माझी सही दिसत नाही. ती बापडी डोळे मिटून झोपतात, आणि त्यांच्या वाटचं मी जागा राहतो.

असो. मोठ्यांनी आशीर्वाद द्यावेत आणि धाकट्यानं घाबरावं, ही आपली जुनी वाटणी पुढेही चालू ठेवावी.

आपला,
जमिनीवरचा भाचा

ता. क. : परवा फोनवर म्हणालात की यंदाची फिटची तपासणी तुझ्याचकडे, घरचा डॉक्टर असताना बाहेर कशाला जाऊ. मामा, नात्यातल्या माणसाला तपासू नये असा नियम आहे. (शोधला, सापडला नाही. असायला हवा.)

पुन्हा ता. क. : गेल्या महिन्यात आमच्याकडे आलात तेव्हा लिफ्ट बंद होती. जिन्यात दर मजल्यावर तुम्ही बुटाची नाडी बांधायला थांबलात. छातीवर हात होता आणि कपाळाला घाम. मामा, तुमच्या त्या बुटांना नाडी नाही. मी तेव्हा काही बोललो नाही, कारण मला भीती वाटली, आणि अजून वाटते. तुम्हाला फिट नाकारायची वाटते, त्याहून द्यायची जास्त वाटते.

शेवटचा ता. क., मामीसाठी : घरात आलेलं प्रत्येक पत्र आधी तू फोडतेस हे मला माहीत आहे, म्हणून तर फोन न करता पत्र लिहिलं. मंगळवारी सकाळी हृदयाच्या डॉक्टरांची वेळ घेतली आहे, मीही येतो. त्यांचा दवाखाना पहिल्या मजल्यावर आहे. येताना मामांना तेच बिननाडीचे बूट घाल, म्हणजे जिन्यात थांबले तर निमित्त सांगता येणार नाही.