कुजबुजीचे क्रियापद

॥ श्री ॥

टी. नगर, चेन्नई
दि. ४ ऑगस्ट २००७

चि. दिनानाथ यास रत्नाकरचे अनेक आशीर्वाद.

फोनवर तू वाक्य पुरे होऊ देत नाहीस आणि अर्धे वाक्य बोलण्याची मला सवय नाही. म्हणून एकाच शहरात राहून सख्ख्या भावाला पोस्टाने पत्र पाठवण्याची वेळ आली आहे. मुद्दे नीट नोंदवतो, म्हणजे नंतर विपर्यास व्हायला नको.

इजिप्तच्या थडग्याचा तो इंग्रजी रहस्यपट आई आणि बाबांनी पंचावन्न साली माउंट रोडवर पाहिला. तीन हजार वर्षांपूर्वीच्या राणीचे थडगे उघडतात आणि आत तिच्या शवपेटीशेजारी आदल्या दिवशीचे ताजे प्रेत सापडते, एवढी हकीकत तू माझ्याप्रमाणेच आईच्या तोंडून असंख्य वेळा ऐकली आहेस. दुसरा खून होतो न होतो तोच त्या दोघांना उठून बाहेर पडावे लागले. पुढच्या आठवड्यात चित्रपट उतरला. खुनी कोण, हे आईला आजतागायत कळलेले नाही, आणि कोणी नुसते सांगितलेले तिला चालत नाही. स्वतः शेवटापर्यंत जाऊनच कळले पाहिजे, असा तिचा हट्ट आहे.

त्या चित्रपटाची तबकडी मी लंडनमधील एका परिचितांकडून मिळवली. आईची दृष्टी गेली आहे, डावा कान गेला आहे, उजव्याचा भरवसा डॉक्टर देत नाहीत आणि इंग्रजी तिला येत नाही. तेव्हा हे काम लांबणीवर टाकता येणार नाही. चित्रपट चालू असताना वाचायची मराठी संहिता मी स्वतः सिद्ध केली आहे. तिची प्रत आणि तबकडी सोबत पाठवतो. तबकडी तुझ्या यंत्रावर चालते का, तेवढे पाहावे. स्त्रीपात्राची वाक्ये चि. ऊर्मीने वाचावीत. तुझ्या लेकीचे मराठी तमिळ वळणाचे आहे, पण एवढे तिला जमेल. बाकी सर्व मी वाचीन. रविवार, २६ तारखेला दुपारी चारला येतो.

संहितेत फेरफार करू नये. सौ. अलकनंदास आशीर्वाद. लोभ आहे तेवढा टिकवावा.

तुझा,
रत्नाकर

॥ श्री ॥

आवडी, चेन्नई
दि. ८ ऑगस्ट २००७

ती. रत्नाकरदादास दिनानाथचा शि. सा. न. वि. वि.

पत्र, तबकडी आणि आपली संहिता मिळाली. तबकडी चालते. संहिता चालत नाही.

आई माझ्या घरी राहते. आपण तिला भेटायला येता तेव्हा चपला अशा काढून ठेवता की निघताना पाय सरळ त्यांतच जावेत. तरीही सूचना आपल्याच असतात, हे आता आमच्या अंगवळणी पडले आहे. त्याबद्दल लिहीत नाही. लिहितो ते पान चारबद्दल.

थडग्यातला दिवा विझतो आणि अंधारात खुनी कुजबुजतो, तो प्रसंग आठवावा. इंग्रजीत त्या कुजबुजीवरून बाई बोलते की पुरुष, काहीही कळत नाही. सारे चित्र त्या एका गोष्टीवर उभे आहे. आपण लिहिले आहे, ‘तुमच्या आधी मी इथे आले होते.’ आले! दादा, त्या छावणीत बाई एकच आहे, प्रोफेसरांची बहीण. लंडनचा गुप्तहेर अजून बोटीतून उतरलेलासुद्धा नाही आणि आपण पाव तासात आईला खुनी हातात आणून दिली. जे कळावे म्हणून ती एवढी वर्षे थांबली, ते आपण एका मात्रेत उरकले.

अलकनंदेने पान चार वाचून कपाळाला हात लावला. ऊर्मीने तर विचारले की काकांनी हा चित्रपट स्वतः पाहिला आहे ना.

पान बदलून पाठवावे, ही विनंती. वहिनींना नमस्कार.

आपला,
दिनानाथ

॥ श्री ॥

टी. नगर
दि. १२ ऑगस्ट २००७

चि. दिनानाथ यास आशीर्वाद.

तुझ्या पत्रातील भाषा मी वडीलकीच्या नात्याने सोडून देतो. मुद्दा सोडत नाही.

कुजबुजणारी व्यक्ती स्त्री आहे. स्त्री ‘आले’ म्हणते. मराठीत कर्त्याचे लिंग क्रियापदाला लागते, हा नियम मी केलेला नाही. ‘आलो’ लिहिले असते, तर शेवटी आईने मला विचारले असते की त्या बाईच्या तोंडी पुरुषाचे क्रियापद का घातलेस, आणि ते बरोबर ठरले असते. ज्या व्यक्तीने जे केले ते तिच्याच नावे मांडावे, हे मी वाणिज्य शाखेत शिकलो आणि बँकेत पस्तीस वर्षे पाळले. केवळ गंमत टिकावी म्हणून मी आईशी खोटे बोलणार नाही.

शिवाय आईच्या अपुऱ्या राहिलेल्या शेवटाची एवढी कळकळ तुला वाटावी, याचे आश्चर्य वाटते. त्या दिवशी थिएटरात रडून रडून त्यांना बाहेर काढणारे तान्हे मूल तूच होतास. तेव्हा गप्प बसला असतास, तर आज हा पत्रव्यवहारच झाला नसता.

संहिता आहे तशीच राहील. कळावे, आणि कळल्याचे वागण्यात दिसावे.

तुझा,
रत्नाकर

॥ श्री ॥

आवडी
दि. १५ ऑगस्ट २००७

ती. दादास शि. सा. न. वि. वि.

आज कारखान्याला सुट्टी असल्याने सवडीने लिहितो.

तान्हे मूल मी होतो हे खरे. पण आईचे म्हणणे असे की मी झोपलो होतो. पेटीतून ममीचा हात बाहेर आला तेव्हा किंचाळून बाबांच्या मानेला लटकलेले चार वर्षांचे मूल दुसरेच होते, आणि त्याची चड्डी बदलायला दोघांना बाहेर यावे लागले. त्या मुलाने पुढे बी.कॉम. केले.

आता उपाय. ‘माझे येणे तुमच्या आधीच झाले होते’ असे लिहिले की लिंग उरत नाही. ते नको असेल तर दुसरा उपाय घरातच आहे. आई कोल्हापूरची. ती स्वतःबद्दल जन्मभर ‘मी आलो’, ‘मी बसलो’ असेच म्हणत आली आहे. आपण लहानपणी त्याबद्दल तिला हसायचो. कुजबुजीत ‘आलो’ घातले तर तिच्या कानाला ते पुरुषाचेही वाटेल आणि बाईचेही. खोटेपणाही नाही आणि उघडही होत नाही. एका अक्षराचे काम आहे.

पण दुसऱ्याने सुचवलेले अक्षर आपल्या कागदावर कसे चढणार! आपण एकदा टंकलेखन करून घेतले की ब्रह्मदेवालाही खाडाखोड करता येत नाही.

उत्तराची वाट पाहतो. आशीर्वाद असू द्यावेत, उपदेश मात्र पुरेसे झाले आहेत.

आपला,
दिनानाथ

॥ श्री ॥

टी. नगर
दि. १८ ऑगस्ट २००७

चि. दिनानाथ यास आशीर्वाद.

दोन्ही सूचना वाचल्या. पहिली घेतली, तर थडग्याच्या काळोखात खुनी कुजबुजते आहे असे न वाटता सरकारी परिपत्रक वाचते आहे असे वाटेल. दुसरी घेतली, तर इंग्लंडमधील सुशिक्षित बाई नाईल नदीच्या काठी कोल्हापुरी बोलेल. मग तिच्या हाती खंजिराऐवजी तांबड्या रश्श्याची वाटीही द्यावी लागेल. थडग्याचा असा तमाशा माझ्या हातून होणार नाही.

चड्डीविषयीची हकीकत निराधार आहे. आईची त्या दिवसाची आठवण तुझ्या सांगण्याने भ्रष्ट झाली असावी.

मी २६ तारखेला चारला येतो. संहिता जशी आहे तशी वाचली जाईल. तुझ्या घरी ते होणार नसेल, तर त्याच टॅक्सीतून मी आईला टी. नगरला घेऊन जाईन आणि ती यापुढे माझ्याकडे राहील. तिचे कपडे आणि औषधे बांधून ठेवावीत.

रत्नाकर

॥ श्री ॥

आवडी
दि. २१ ऑगस्ट २००७

ती. दादास शि. सा. न.

आईचे कपडे कपाटातच राहतील. तिला इथून नेण्याची भाषा पुन्हा केलीत, तर मी आपला भाऊ आहे हेही विसरेन आणि आपण वडील आहात हेही.

रविवारी जरूर यावे. पान चार उघडाल त्या क्षणी अलकनंदा मिक्सरमध्ये खोबरे घालील आणि कुजबूज संपेपर्यंत तो चालू राहील. दुसऱ्या कुजबुजीला डाळ आहे. तिसरीसाठी मी हातोडा काढून ठेवला आहे. भिंतीत खिळा बरेच दिवस मारायचा राहिला आहे.

दिनानाथ

॥ श्री ॥

आवडी
दि. २३ ऑगस्ट २००७

चि. रत्नाकर आणि चि. दिनानाथ यांना आईचे अनेक आशीर्वाद.

पत्र ऊर्मी लिहिते आहे. मी जसं बोलतो तसंच लिही म्हणून तिला बजावलंय. दोन प्रती करायला लावल्या आहेत. दिनानाथ पलीकडच्याच खोलीत बसतो, तरी त्यालाही पत्रच. तुमच्यात आता तीच रीत पडली आहे.

तुमचं माझ्या सिनेमावरून भांडण चाललंय एवढं मला कळलं. कशावरून, ते ऊर्मीने सांगितलं नाही. काकांच्या मराठीत बोललं तरी फुटतं आणि बाबांच्या मराठीत बोललं तरी घरात मारामारी होते, एवढंच म्हणाली. मग मी म्हटलं, मराठीत नकोच. काल दिनानाथ कारखान्यात होता. खालच्या मजल्यावरच्या विजयलक्ष्मीला वर बोलावलं. शाळेत इंग्रजी शिकवायची ती. तिने सिनेमा आधी पाहिलेला नव्हता. तो चालू असताना तिला जसं कळेल तसं ती मला तमिळमध्ये सांगत गेली. पन्नास वर्षांवर या गावात राहिलो, तेवढं तमिळ मला येतं.

अंधारातलं ते माणूस कुजबुजलं तेव्हा विजयलक्ष्मी म्हणाली, ‘नान वंदेन’, म्हणजे मी आलो. आता हे बाईही म्हणते आणि बुवाही म्हणतो. तमिळमध्ये ‘मी’ला साडीही नाही आणि धोतरही नाही. मी आपला डोकं खाजवत बसलो. गुप्तहेर आला, वाळूचं वादळ झालं, प्रोफेसरांचा चष्मा पेटीखाली सापडला, तरी मला पत्ता नाही. आम्ही दोघी अगदी घट्ट बसलो होतो. अलकनंदेने दोनदा कॉफी आणली, ती दोन्ही वेळा गार झाली. शेवटी दिवा लागला आणि ती समोर उभी आहे असं विजयलक्ष्मी ओरडली, तेव्हा मी तिचा हात एवढा जोरात दाबला की तिची बांगडी वाकली. मला कळलं. अगदी शेवटी कळलं, जसं कळायला पाहिजे होतं तसं.

तेव्हा रत्नाकर, रविवारी कागद आणू नकोस. जेवायला येणार असलास तर ये, अलकनंदा वांगी करणार आहे. मला कुठं राहायचं ते मी कुणाला विचारलेलं नाही आणि तूही मला विचारलेलं नाहीस, म्हणून टॅक्सी थांबवून ठेवायची गरज नाही. आणि दिनानाथ, हातोडा जागेवर ठेव. मला ऐकायला कमी येतं, पण एवढंही कमी नाही.

एक सांगायचं राहिलं. पहिली कुजबूज झाल्याबरोबर विजयलक्ष्मीने सिनेमा थांबवला आणि मला विचारलं की अम्मा, तुम्हाला कोण वाटतं. मी सांगितलं. इतकी वर्षं मनात धरून ठेवलेलं नाव तिला सांगितलं. तिने तिचा संशय सांगितला. पुढे दोघींचंही चुकलं आणि दोघी पोट धरून हसलो.

आज ऊर्मीकडून तुमची पत्रं वाचून घेतली, दिनानाथ आपल्या पत्रांच्या नकला ठेवतो. आता ऐकायला हरकत नव्हती. व्याकरण झालं, चड्डी झाली, मिक्सर झाला. आईला कोण वाटत होतं, हे सहा पत्रांत एकानेही विचारलेलं नाही. तुमच्या लहानपणापासून मी ती गोष्ट सांगत आलो, तेव्हाही तुम्ही कधी विचारलं नाहीत.

आता विचारलंत तरी सांगणार नाही. ते विजयलक्ष्मीला माहीत आहे, आणि ती सांगायची नाही.

दोघांनी जेवणं वेळेवर करावीत. माझी माया आहे तिथेच आहे, तुमचं तुम्ही बघा.

तुमची,
आई