भाऊ, लॅबमध्ये नोकरी लागली

भाऊंना अक्षताचा उड्या मारत नमस्कार!

भाऊ, मरोळच्या एका औषध कंपनीत मला लॅबमध्ये नोकरी लागली! पण ही बातमी तुम्हाला द्यायची तरी कशी? तुमच्या लेखी मी वर्षभर लॅबमध्येच आहे.

खरं सांगते. बीएस्सी झाल्यावर अकरा ठिकाणी नकार आला. तुम्ही वीस वर्षं वॉचमनची ड्युटी करून लेकीला शिकवलंत, तुम्हाला 'नाही' कसं सांगणार? म्हणून लॅब सांगितली आणि घाटकोपरच्या मॉलमध्ये परफ्युम विकायला उभी राहिले. तुम्ही मात्र लेकीचं कौतुक गावभर सांगत सुटलात, "माझ्या चेडवान नाव काढल्यान!" हे तुम्ही फोनवर सांगितलंत, त्या दिवशी फोन ठेवून मी खूप रडले.

आज मुलाखतीत मॅडमनी विचारलं, "वर्षभर काय केलंस?"

म्हटलं, लागली वाट. तरी खरं तेच सांगितलं.

"मग सांग, परफ्युमचा वास तासाभरात का बदलतो?"

"हलके रेणू आधी उडून जातात मॅडम, जड मागे राहतात. मी गिऱ्हाइकांना म्हणायचे, मनगटावर मारा, एक चक्कर मारून या, मग घ्या."

त्या हसल्या. "सोमवारपासून ये."

भाऊ, रस्त्यात मी एकटीच मोठ्याने हसत होते!

हे पत्र पोस्टात टाकणार नाही. असलं काही तुम्हाला एकट्याने वाचायला लावणं बरं नाही. सुट्टी मिळाली की गावी येऊन समोर बसून सांगेन. मग रागवा, दोन दिवस बोलू नका. पण आधी पेढा खा.

तुमचीच,
अक्षता, आता खरोखरची लॅबवाली