देवीच्या जुन्या देवळासमोर

गौलीगुडा, हैदराबाद

विक्रमदादा,

बाबांनी सुलतान बाजारातून आणलेले जुने कागद तू जाळायला सांगितले होतेस. मी जाळले नाहीत. सात वर्षं ते माझ्या कपाटात आहेत आणि मोडी शिकून मी ते सगळे वाचलेत.

त्या कागदांतलं चांदीनं भरलेलं जहाज कोकणात देवीच्या देवळासमोर बुडालं, एवढंच बाबांना कळलं होतं. तिथेच बुडी मारताना ते गेले, त्यांचा देहही हाती लागला नाही. पण दादा, जहाज बुडालं त्यानंतर ते देऊळ हलवलंय. पुजाऱ्याच्या एका पत्रात जुनी जागा दिलीय, दोन कोस दक्षिणेला.

मार्चमध्ये मी सांगितलं तसं तिरुपतीला नाही, त्या जुन्या जागी गेले होते. मी सोबत नेलेल्या पाणबुड्यांना खाली तांब्याचा पत्रा ठोकलेल्या, जुन्या जहाजाच्या फळ्या दिसल्या. काहीही न हलवता मी पुरातत्त्व खात्याला कळवलं. चांदी सरकारची होईल, होऊ दे. सोमवारी त्यांची बोट निघतेय, मलाही बोलावलंय.

आईला यातलं काही कळू द्यायचं नाही, असं आपलं ठरलं होतं. परवा तिनंच कपाट उघडलं. कागद एकेक करून चाळले. मग म्हणाली, "हौ, जा तू. पण त्यांना शोधू नको. जहाज शोध."

खरं सांगते, इतकी वर्षं मी बाबांनाच शोधत होते. आता जहाज शोधणार आहे.

हे पत्र मी टाकणार नाही. तू अडवायला आलास तर मी थांबेन, आणि मला थांबायचं नाही.

तुझी,
त्रिवेणी