आजूबाजूचं धरून

१२ मार्च, दुपार

प्रिय धाकट्या,

ताईचे आशीर्वाद. इकडे सगळं ठीक. पाणी एक दिवसाआड येतं, माझ्या शिलाई मशीनचा पट्टा पुन्हा तुटला, समोरचा न्हावी तुझी चौकशी करत असतो.

तुझं पत्र आप्पांना वाचून दाखवलं. तुम्हा बापलेकांचा तोच जुना वाद, लोकसंख्येत तुझ्या शहराने आपल्याला मागे टाकलं म्हणे! लबाडा, तुझं शहर मोजताना उपनगरं, भोवतालची गावं सगळी ओढून घेतलीस आणि आपलं मात्र हद्दीपुरतंच धरलंस. आप्पा न्हाव्याच्या खुर्चीत, अर्ध्या दाढीला साबण तसाच ठेवून कसे ओरडायचे, आठवतं? "आजूबाजूचं धरून बोला! मग आपल्याएवढं मोठं शहर दाखवा कुठलं!" आजूबाजूचं म्हणजे आपणच की, नाल्याच्या अलीकडचे.

वर 'ठीक' लिहिलं ते सवयीने. आप्पांच्या दोन्ही किडन्या गेल्यात. तुला कळवू नको म्हणाले आणि मीही मूर्खासारखं ऐकलं. डायलिसिसची सोय नाल्यापलीकडे, महापालिकेच्या दवाखान्यात. खासगीतलं आपल्याला झेपणारं नाही. खिडकीतल्या बाईने पत्ता वाचला नि म्हणाली, "आजोबा, तुम्ही शहरात मोडत नाही. हद्दीतल्यांनाच मशीन पुरत नाहीत." वाईट नव्हती बिचारी, बसायला खुर्ची दिली.

मला वाटलं, आता आप्पा तिच्यावर तुटून पडणार. जन्मभर ज्या आकड्यासाठी घसा कोरडा केला, तो तिला ऐकवणार. पण खुर्चीतून उठले नि बाहेर चालू लागले. रिक्षात एवढंच बोलले, "मग मी इतकी वर्षं कुणाच्या बाजूने भांडत होतो गं?"

त्यानंतर मी एकटीच खेटे घालत राहिले, हातापाया पडले. आप्पांना चला म्हटलं की भिंतीकडे तोंड करायचे. आता पाय सुजलेत, अन्न जात नाही. परवा नंबर लागला, तर डॉक्टर म्हणतात, फार उशीर झाला. मला काही सुचत नाही रे.

तुझा आकडा ऐकून चिडतील, निदान उठून बसतील, म्हणून मुद्दाम मोठ्याने वाचला. दोनदा वाचला. डोळे मिटूनच म्हणाले, "त्याचंच बरोबर आहे. जिंकला म्हणून कळव त्याला."

कळवलं.

मिळेल त्या गाडीने ये. आणि आलास की भांड त्यांच्याशी, काहीही काढून भांड. ऐकायला असतील की नाही, सांगवत नाही.

नाल्याच्या अलीकडची,
तुझी ताई