सत्यवतीबाईंच्या गुलाबाची व्यवस्था

लिहून ठेवणार: दुर्गाबाई नत्थुजी ताथोड, वय बासष्ट, राहणार अकोट, जिल्हा अकोला. माझी बुद्धी ठिकाणावर आहे; शंका असेल त्याने माझ्यासोबत भाजीबाजारात येऊन पाहावे. हे लिहिताना माझ्यावर कोणाचा दाब नाही. आमच्या घरात दाब असलाच तर तो माझा असतो. गेल्या वर्षी छातीत दोनदा कळ येऊन गेली, म्हणून माझ्यामागे काय कोणाचे, ते शहाणपण शाबूत आहे तोवर लिहून ठेवते.

एक. राहते घर माझ्या नावावर आहे. ते माझा मुलगा अंकुर आणि माझी मुलगी आरती, राहणार अमरावती, या दोघांना निम्मे निम्मे. वकील योगेशभाऊंनी मसुद्यात आरतीच्या नावापुढे "सावत्र" लिहिले होते. मी ते पान फाडले.

"काकू, कायद्यात तसंच लिहा लागते," ते म्हणाले.

"मंग असं लिहा," मी म्हटले, "नत्थुजीच्या पहिल्या बायकोची, सत्यवतीबाईची लेक. अन् माही बी."

तसे लिहिले आहे.

दोन. शिलाई मशीन सून पौर्णिमाला. सध्या ती त्यावर ओले टॉवेल वाळवते, पण तिचा हात चांगला आहे. मन लावावे.

तीन. थोरल्या जाऊबाई पंचफुलाबाई यांनी लेकीच्या लग्नाला नेलेली माझी पितळी परात त्यांच्याकडेच राहू द्यावी. मागायला कोणी जाऊ नये. परातीचा मला राग नाही. त्यांच्या एका बोलण्याचा आहे, आणि तो सोबत घेऊनच मी जाणार आहे.

चार. अंगणातला गुलाब. हे झाड सत्यवतीबाईंचे आहे, माझे नाही. गावठी, फिक्या गुलाबी फुलाचे. दोन फुले उमलली की ओसरीपर्यंत वास येतो. मी या घरात आले तेव्हा सत्यवतीबाई जाऊन वर्ष झाले होते आणि आरती सात वर्षांची होती. त्याच उन्हाळ्यात झाडाला वाळवी लागली आणि बघता बघता ते वाळले. पंचफुलाबाई चारचौघींत म्हणाल्या, "सावत्र आली अन् मायचं झाड मेलं." पोरीने ते ऐकले. त्या दिवसापासून ती माझ्या हातचे जेवेना.

एकच फांदी हिरवी उरली होती. शेजारच्या आमिनाबींनी मला काड्या करायला शिकवले. पेन्सिलीएवढी जाड काडी घ्यायची, तिला चार डोळे हवेत, खालचा काप डोळ्याच्या लगत आणि तिरपा. पाने काढून टाकायची. आपल्याकडची काळी माती काडीला चालत नाही. पाणी धरते आणि काडी सडते, म्हणून नदीची वाळू जास्त. रांजण पाझरतो तिथल्या गारव्यात लावायची आणि वर काचेची बरणी उपडी घालायची. बरणीही आमिनाबींनीच दिली. "दुर्गा, अब इसको हात मत लगा," असे बजावून गेल्या.

मी हात लावला नाही. आरतीने लावला. रोज सकाळी उठून ती एक काडी उपटायची.

"काहून उपटते वं?"

"मुया फुटल्या का पाहून राहिली."

मुळ्या बघायला उपटलेली काडी जगत नाही. मी रागावले नाही. तिला आपल्या आईचे झाड जिवंत आहे की नाही, एवढेच बघायचे होते. पण काड्या संपत आल्या. शेवटची एक उरली, तेव्हा मी तिला रांजणापाशी बसवले आणि म्हटले, "हे काडी तुई. आता राखन तू कर. कोनालेच हात लावू देऊ नको. मलेबी नाही."

दुसऱ्या दिवशी मी तांब्या घेऊन पाणी घालायला गेले, तर पोरीने माझ्या हातावर फाडकन चापट मारली. या घरात तिने मला हात लावला तो पहिल्यांदा. मी स्वयंपाकघरात जाऊन पदर तोंडाशी धरून रडले, आणि ते दुःखाचे रडणे नव्हते. त्या रात्री तिने माझ्या हातची भाकर खाल्ली.

आज अंगणात आहे ते त्या काडीचे झाड. आरती मला अजूनही मावशीच म्हणते. दिवसातून दोनदा फोन करते, आणखी काय पाहिजे? याची फुले सत्यवतीबाईंच्या फोटोला घालतो, तशीच घालत राहावीत. माझ्या फोटोला कण्हेर चालेल.

पाच. हे झाड मी खुशीला देते. खुशी नऊ वर्षांची आहे. ती आमचे जावई किशोरराव यांच्या पहिल्या पत्नीची लेक. आरती त्या घरात गेली त्याला दोन वर्षे झाली. परवा फोनवर आरती रडत होती. "मावशी, डबा करते, येनी घालते, तरी पोरगी मले कायच म्हनत नाही. माह्यानं नाही होत आता. जूनमधी तिले होस्टेलात ठेवतो म्हनते."

आरती, ठेवू नकोस. लहानपणी काडीचे करायचीस तेच तू त्या पोरीचे करून राहिली. रोज उपटून पाहतेस. आणि कधी एखादा शब्द बोलली, हसली, तर लगेच हुरळून जाऊ नकोस. काडीला पहिले पान फुटते ते तिच्या जुन्या ओलाव्यावर. मुळ्या मागाहून येतात, आणि त्या आपल्याला दिसत नाहीत. मला तू हवी होतीस, म्हणून मी थांबले. तुलाही ती हवी आहे, नाहीतर रडली नसतीस.

योगेशभाऊ म्हणतात, मृत्युपत्र माणूस गेल्यावरच लागू होते. बाकीचे होऊ द्या तेव्हा. हा पाचवा मजकूर आजपासून लागू. उद्या सकाळच्या एस.टी.ने मी स्वतः अमरावतीला जात आहे. सोबत ओल्या फडक्यात एक काडी आणि आमिनाबींची तीच बरणी आहे. काडी खुशीने लावावी आणि खुशीनेच राखावी. आरतीने रोज तांब्या घेऊन पाणी घालायला जावे, आणि चापट खावी.

वरील सर्व वाचून, समजून, चष्मा लावून सही करते.

सही: दुर्गाबाई नत्थुजी ताथोड

साक्षीदार:
१. आमिना बी दाऊद खान, शेजारी. (साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही देऊ नये म्हणतात, म्हणून त्यांची काडी कालच भिंतीवरून दिली.)
२. पुंजाराम बोचरे, निवृत्त वाहक, एस.टी.

ठिकाण: अकोट
तारीख: १९ जानेवारी २०२६